पाहुण्यांच्या दिवसाची तयारी

४ जून

मोठ्या बाई, नमस्कार.

इकडे सगळे जिवंत आहेत. पत्र मी सांगतेय, लिहितेय सून. अक्षर आवडलं तर कौतुक तिचं, मजकूर बोचला तर राग माझ्यावर. माझ्या नशिबी अक्षर नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तीस वर्षं बालगृहात स्वयंपाक केला, दर महिन्याच्या पगाराला तुमच्यासमोर अंगठा उठवला आणि दर महिन्याला तुम्ही म्हणालात, "मावशी, शिका आता." शिकले असते तर हे पत्र स्वतः लिहावं लागलं असतं. थोडक्यात सुटले.

बालगृह बंद झालं त्या दिवशी तुम्ही गाडीत बसलात ते मागे वळून पाहिलंच नाहीत. मी पाहिलं. माझी मोठी पातेली अंगणात ओळीनं पालथी घातली होती, शिक्षा केल्यासारखी. सरकारी माणसं म्हणत होती, मूल घरात वाढलं पाहिजे, संस्थेत नाही. म्हणून मग कुणी काकाकडे गेलं, कुणी मामाकडे, आणि ज्यांचं कुणीच नाही ती परक्या कुटुंबांकडे. तुम्ही डोळे पुसत मला म्हणालात, "कोण सांभाळणार हो यांना?" मला वाटलं, माझ्याकडेच बघून म्हणताय. म्हणून मी मुंगीला घेऊन आले.

मुंगी म्हणजे आपली ती नऊ वर्षांची, रांगेत कायम पुढे असायची ती. नातू कामासाठी परगावी गेलाय, त्याची खाट रिकामीच होती. मुलगा बेकरीची गाडी चालवतो, त्यानं येताना पावाचा अख्खा ट्रे आणला. मी म्हटलं, अरे, एकच मूल आलंय, बालगृह नाही आलं. सून घरीच शर्टांच्या कॉलरी शिवते. तिनं मशीन भिंतीकडे सरकवून मुंगीला जागा केली.

आणि पोरीचं वळण काय सांगू, बाई. पाणी प्यायचं तरी विचारते. ताटात पडेल ते खाते, पुन्हा मागत नाही. रडत नाही. खाटेवर अशी सरळ झोपते की सकाळी चादर पुन्हा घालायची गरज पडू नये. शेजारीण रोज तिच्या पोरांना आमच्या दारात आणून दाखवते, बघा, मुलं अशी असतात. मी मनात म्हणते, अगं, आम्ही घडवलीय ती.

सहा महिने बघणार म्हणे. घरभेटीच्या एक ताई आहेत, त्या येऊन बघतात की मूल घराला आणि घर मुलाला मानवतंय का. मानवलं तर मुंगी आमची, नाहीतर दुसऱ्या घरी. मला काळजी नाही. तुमचं कसं चाललंय? भाचा जेवायला वेळेवर देतो ना, की तिथेही तुम्हीच सगळ्यांना वेळापत्रक लावलंत?

तुमची,
मावशी


१७ जून

मावशी,

तुमचं पत्र हातात पडलं आणि पुष्कळ दिवसांनी मोकळं हसले. भाच्याकडे सगळे आदरानं वागवतात. मला कोपऱ्यातली उजेडाची खोली दिली आहे. काम मात्र काही नाही. सकाळी जाग येते आणि कान घंटेकडे लागतात.

मुंगी तुमच्याकडे आहे हे वाचून जिवाला फार बरं वाटलं. वर्तमानपत्रात लोक आमच्यासारख्यांबद्दल काय काय लिहितात. मुलं संस्थेत कोमेजतात, त्यांना माया मिळत नाही, असं. त्यांनी येऊन मुंगीला बघावं. शिस्त हीसुद्धा मायाच असते, हे त्यांना कोण सांगणार.

एक सुचवते, राग मानू नका. तिची घडी मोडू देऊ नका. अचानक सैल सोडलं की मूल बावचळतं. निघताना स्वयंपाकघराची पितळी घंटा मी तुम्हाला दिली होती, ती वाजवत जा. उठणं, जेवण, अभ्यास, झोप, सगळं घंटेवर. आणि त्या ताई येतील तेव्हाची तयारी तुम्हाला मी काय सांगणार? पाहुण्यांच्या दिवसाची तयारी तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे?

मुंगीला सांगा, बाईंना तुझा अभिमान आहे.

तुमची,
बाई


९ जुलै

मोठ्या बाई, नमस्कार.

घंटा सुरू केली. पहिल्या दिवशी मुंगीच्या आधी माझा मुलगाच खडबडून उठला, म्हणाला आग लागली. आता त्यालाही सवय झालीय. जेवणाची घंटा झाली की हात धुऊन मुंगीमागे रांगेत उभा राहतो. दोन माणसांची रांग. सून नाक मुरडते. आत्तासुद्धा मुरडतेय, कारण हे तिलाच लिहावं लागतंय. लिही गं, तुझ्याबद्दल वाईट काही सांगत नाहीये.

मुंगी घंटेला इतकी पक्की आहे की मी एक दिवस विसरले तर उपाशीच बसून राहिली, भूक लागली म्हणून म्हणाली नाही. असं मूल लाखात एक.

येत्या शनिवारी ताई यायच्या आहेत. सगळी तयारी झाली. नवा फ्रॉक घेतला, रिबिनी धुऊन इस्त्री केल्या. काय बोलायचं ते मुंगीला विचारलं तर म्हणाली, "आजी, मला येतं." आणि खरंच, सगळं पाठ आहे. गाणंसुद्धा. मला काही शिकवावंच लागलं नाही. घर असं चकाचक आहे की माझ्या मुलालाही आत यायला भीती वाटते.

बाई, शनिवारनंतर पेढे वाटल्यासारखं पत्र पाठवते.

तुमची,
मावशी


२ ऑगस्ट

मावशी,

तुमचा शनिवार होऊन तीन आठवडे झाले. पत्र नाही. पोस्टमन आला की भाच्याची बायको आता मला आधीच सांगते, "आज नाही, आत्या." मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की आमच्या संस्थेतली मुलगी एका भेटीतच पास होणार. दोन ओळी तरी कळवा.

बाई


१० ऑगस्ट

मोठ्या बाई, नमस्कार.

भेट छान झाली. ताईंनी चहा घेतला, चांगला झाला म्हणाल्या. मुंगी बरी आहे. माझे गुडघे दुखतात. इकडे ऊन फार आहे. बाकी सगळं ठीक.

मावशी

बाई, ही खालची ओळ माझी आहे, सुनेची. आईंनी सांगितलं तसं वर लिहिलं. त्यातला चहा तेवढा खरा. ताई म्हणाल्यात की मुंगीला बहुतेक दुसऱ्या घरी हलवावं लागेल, अजून दोन महिने बघतील. आई तेव्हापासून मुंगीशी नीट बोलत नाहीत, म्हणजे रागावून नाही, बोलताच येत नाही त्यांना. घंटा मी काढून माळ्यावर टाकली. तुम्हाला आईंनीच सांगितलं पाहिजे, म्हणून मी एवढ्यावरच थांबते.


१६ ऑगस्ट

मावशी,

तीस वर्षांत तुम्ही मला उन्हाबद्दल कधी काही सांगितलं नाही. गॅससमोर घामानं निथळत असायचात तरी विनोदच करायचात. तेव्हा आता ऊन नको. शनिवारी काय झालं ते सांगा. मी रागावणार नाही. माझा तसा अधिकारही उरलेला नाही.

बाई


२५ ऑगस्ट

मोठ्या बाई,

सुनेनं खाली काहीतरी खरडलं होतं हे मला काल कळलं. मला वाचता येत नाही याचा तिनं पहिल्यांदाच फायदा घेतला. ओरडले नाही. आज तिला म्हटलं, बस, मी सांगेन तसं लिही, आणि मध्ये रडू नकोस, शाई फुटते.

शनिवारी सकाळी मी मुंगीला म्हटलं, आज पाहुण्या येणार. एवढंच म्हटलं. तिनं आपणहून अंघोळ केली, रिबिनी माझ्याकडून बांधून घेतल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली. अजून दोन तास होते. म्हटलं, अगं, आत बस. म्हणाली, "इथंच उभं राहायचं असतं ना?" मी आतून बघत होते. बाई, ती पायरीच्या मधोमध उभी राहिली नव्हती. एका बाजूला उभी होती. उरलेली जागा मोकळी सोडून. बाकीच्या मुली उभ्या राहतील एवढी.

मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, काय सुंदर उभी राहते.

ताई जिना चढून आल्या. मुंगीनं हात जोडले आणि स्वागताचं गाणं म्हटलं. अख्खं. हातवाऱ्यांसकट, तिसऱ्या कडव्याला सगळ्यांनी डावीकडे वळायचं असतं, तशी वळलीसुद्धा. एकटीच. खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघायला लागली. ताई गाणं संपेपर्यंत जिन्यातच थांबल्या.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "इथे कसं वाटतं तुला?" मुंगी म्हणाली, "मी इथे आनंदात आहे. सगळे माझी फार काळजी घेतात." ताईंनी विचारलं, "संध्याकाळी काय करतेस?" तर म्हणाली, "मी इथे आनंदात आहे." ताईंनी विचारलं, "तुझी खाट दाखवतेस?" मुंगी त्यांना खाटेपाशी घेऊन गेली, खाली वाकली आणि कपड्यांची पिशवी ओढून काढली. घडी घालून भरलेली. ती ताईंच्या हातात दिली. म्हणाली, "मी अंथरूण ओलं करत नाही. मला भांडी घासता येतात. तुमच्याकडे अजून मुली आहेत का?"

तिला वाटलं, ताई तिला निवडायला आल्यात. दुसरं काय वाटणार, बाई? अंघोळ, रिबिनी, पायरी, गाणं. आपल्याकडे हे सगळं कशासाठी असायचं?

आता पुढचं. हे सांगायचं नाही म्हणून मी तुम्हाला ऊन कळवलं.

मी हसले. तोंडावर हात घेऊन नाही, चांगली खळखळून. माझी खोडच आहे, अवघड झालं की हसायचं आणि समोरच्यालाही हसवायचं. मी म्हटलं, "घ्या ताई, ही तर निघालीच. जा गं बाई, आमचा कंटाळा आला वाटतं तुला."

कुणी हसलं नाही. मुंगी माझ्यासमोर आली, हात जोडले आणि म्हणाली, "थँक्यू आजी. जेवण छान होतं." आणि बूट घालायला बसली.

तिच्या चेहऱ्यावर दुःख असतं तर बरं झालं असतं. काहीच नव्हतं. बूट घालून उभी राहिली आणि ताईंचा हात धरला. सून धावत आली, मांडीवर घेऊन सांगत राहिली, तू कुठेही जात नाहीयेस, आजीनं थट्टा केली. मुंगी तिचं सगळं ऐकून घेत होती, शांतपणे, जसं मोठ्यांचं ऐकायचं असतं तसं. ताई गेल्या तरी तिनं बूट काढले नाहीत. जेवतानाही पायात होते. झोपली तशीच.

जाताना ताई मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही तिला घरी आणलं नाहीत, ती जिथे होती ती जागाच दोन खोल्यांत आणलीत." तेवढं ऐकून मी त्यांचा चहाचा कप विसळायला घेतला.  

ताईंच्या पाहण्यात दुसरं कुटुंब आहे, तिथे घंटा नाही आणि माझ्यासारखी थट्टेखोर म्हातारी नाही. पोरीच्या भल्याचंच असेल. तरी मला ती जायला नको आहे, आणि तोंड वर करून तसं म्हणायचीही लाज वाटते. आता तिच्यासमोर बोलताना प्रत्येक शब्द तोंडात फिरवून बघते, कुठे काटा आहे का म्हणून. सकाळी "उठ" म्हणायलाही धीर होत नाही. ती उठलेलीच असते, खाटेवर बसून, कुणी सांगेपर्यंत.

मावशी


८ सप्टेंबर

मावशी,

तुमचं पत्र मी भाच्याला वाचायला दिलं नाही. इथल्या कुणालाच सांगितलं नाही. मी सगळ्यांना जे बोलून ठेवलं होतं त्याबद्दल कुणी विचारलं की खोलीत जाऊन बसते.

गाणं मी बसवलं होतं. डावीकडे वळायचं मीच सांगितलं होतं, पाहुणे बहुधा त्या बाजूला बसत म्हणून. पुढच्या रांगेत कोण उभं राहील तेही मी ठरवत असे. मुंगी नेहमी पुढे, कारण ती हसत असे आणि पाहुण्यांना हसरं मूल आवडे. ती चारदा पुढे उभी राहिली आणि चारदा दुसरंच कुणीतरी गाडीत बसून गेलं. संध्याकाळी मी तिला जवळ घेऊन काय सांगत असे, आठवतं तुम्हाला? मला आठवतं. "पुढच्या वेळी अजून छान उभी राहा हं."

मी हे मायेनं सांगत होते, मावशी. खोटं नाही बोलत. तेच जास्त लागतं आहे.

तुमच्या थट्टेचं एवढं मनावर घेऊ नका. तुम्ही एक वाक्य बोललात. ते वाक्य खरं वाटावं असं तिला मी वर्षानुवर्षं तयार केलं.

ताईंना पत्र लिहून सांगू का, की दोष माझा आहे? पण पुन्हा वाटतं, माझ्या पत्राला आता काय किंमत? त्यापेक्षा मीच येते. भाचा म्हणतो रविवारी गाडीनं आणून सोडीन. मुंगीच्या समोर बसून मला तिला सांगायचं आहे की ती नीटच उभी राहत होती. चूक तिची कधीच नव्हती. एवढं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कधी येऊ ते कळवा.

बाई


१ ऑक्टोबर

मोठ्या बाई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चांगलं आधी सांगते, कारण ते थोडंच आहे.

ताई परवा न कळवता आल्या. घर म्हणजे नुसत्या चिंध्या, कॉलरींचा ढीग, मी जमिनीवर पाय पसरून बसलेली, गुडघ्याला तेल थापलेलं. मुंगी सुनेजवळ बसून शिवलेल्या कॉलरी उलटवत होती. कात्रीच्या टोकानं कोपरे बाहेर काढायचे असतात, ते तिला छान जमतं. ती उठली नाही. मान वर करून तिनं मला विचारलं, "ह्या कुणाला न्यायला आल्यात?"

माझ्या जिभेवर तीन उत्तरं आली, तिन्ही हसवणारी. तिन्ही गिळली. म्हटलं, "कुणालाच नाही. तू इथली आहेस."

"बरं," म्हणाली आणि पुढची कॉलर घेतली.

त्या "बरं"चं काय करायचं ते मला कळत नाही. भात संपलाय म्हटलं तरी बरं, अजून घे म्हटलं तरी बरं. पण ताई म्हणाल्या, राहू दे इथेच, थंडी सरल्यावर पुन्हा येते. दुसऱ्या कुटुंबाला त्यांनी नाही म्हणून कळवलंय. मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि लगेच खाली घेतले, मुंगी बघत होती म्हणून.

आता तुमच्या येण्याचं.

तुमचं पत्र सुनेनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला तसंच वाचावं लागतं, मला ऐकायचं असतं. मुंगी दाराआड होती, आमचं लक्षच नाही. तिनं सगळं ऐकलं की नाही ठाऊक नाही. "मीच येते" आणि "रविवारी" एवढं नक्की ऐकलं. रविवारी सकाळी मी दार उघडलं तर पायरीवर उभी. केस ओले, भांग सरळ, तोच फ्रॉक. कुणी सांगितलं नव्हतं. ओठ हलत होते, गाण्याचे शब्द जुळवत होती. मला म्हणाली, "मोठ्या बाई येणार ना?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिनं माझ्यासाठी सरकून जागा केली, पण ती काही बसली नाही. म्हटलं, आज नाही येणार त्या. "मग कधी?" मी माझ्या बाहीनं तिचे केस पुसले, तर डोकं हलू न देता उभी राहिली, जसं पुसून घ्यायचं असतं तसं.

येऊ नका, बाई.

हे वाक्य सांगायला मी सुनेला तीनदा बसवलं आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी सांगून उठवलं. आता ती म्हणते, सांगायचंय की नाही ते ठरवा, माझ्या कॉलरी पडल्यात. म्हणून सांगतेय. तुम्ही तिला जे सांगणार आहात ते अगदी खरं आहे. पण ते ऐकताना ती ताठ उभी राहील, आणि तुमचं सांगून झालं की हात जोडून थँक्यू म्हणेल. तुम्ही हलक्या होऊन गाडीत बसाल. मागे ती बूट घालून बसेल.

तुम्हालाच अडवतेय आणि मी मात्र इथे, हे मला कळतं. पाहुण्यांच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "हसा गं पोरींनो, बघतायत" म्हणणारी मीच होते. मलाही तिच्यापासून लांब कुठे जाऊन राहायला हवं. पण मला कोण घेईल या वयात? म्हणून मी इथे आहे आणि तुम्ही नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. तीस वर्षं तुम्ही सांगायचात आणि मी ऐकायचे, पहिल्यांदा मी सांगतेय, तेही असलं.

पत्रं पाठवत जा. सून आता खालच्या दुकानात बसून वाचून दाखवेल, घरात नाही.

तुम्ही म्हणाल, मावशी, निदान तिला एकदा विचारा, बाईंना भेटायचंय का. नाही विचारणार. विचारलं तर ती हो म्हणेल.

तुमची,
मावशी